काट्यापासून स्क्रीनपर्यंत

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही एम.एस्सी.ला गेलो, तेव्हा विद्यापीठ पंचविशीच्या आसपास होतं. शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापलीकडे आमची खोली होती. सकाळी सायकल काढायची आणि घाटी, मकाई दरवाजा, बेगमपुरा करत विभाग गाठायचा. बी.एस्सी.पर्यंत हातात ब्युरेट आणि पिपेट, नाकात किप्सच्या उपकरणातल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास. रंग कधी पालटतो तेवढं डोळ्यांनी टिपायचं. उपकरणांशी खरी ओळख पुढे झाली.

सुरुवात कलरीमीटरने. लोहाच्या द्रावणात हायड्रॉक्सिलअमीन आणि फिनॅन्थ्रोलिन घातलं की नारिंगी-लाल रंग चढतो आणि ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तो सर्वांत जास्त शोषतो. १, २, ३, ४ पीपीएमची प्रमाण द्रावणं करायची, काटा वाचायचा, आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून रेषा ओढायची. तिसरा ठिपका खाली घसरला की सर आलेख बाजूला ठेवत आणि विचारत : पिपेट त्याच द्रावणाने खंगाळला होता का? क्युवेटच्या काचेला बोट लागलं का? मग पुन्हा पहिल्यापासून. बेअर-लँबर्टचा नियम मला पुस्तकाने सांगितला होता, पण पटला तो त्या रेषेमुळे.

फ्लेम फोटोमीटरने वेगळी शिस्त लावली. सोडियम घामातही असतं आणि काचेतूनही द्रावणात उतरतं, म्हणून प्रमाण द्रावणं प्लास्टिकच्या बाटलीत. इन्फ्रारेडसाठी पोटॅशियम ब्रोमाइडची चकती दाबायची. पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढून धुरकट व्हायची आणि ३४०० च्या आसपास पाण्याचा रुंद पट्टा हटकून उमटायचा. तो पट्टा आपल्या संयुगाचा नाही, हे ओळखणं हाही अभ्यासच. गॅस क्रोमॅटोग्राफीत क्षेत्रफळ काढायला आम्ही कागदावरची शिखरं कात्रीने कापून तराजूवर तोलायचो. आजच्या विद्यार्थ्याला हे खरं वाटत नाही! एनएमआरसाठी मात्र नमुना पवईच्या आयआयटीतल्या सामायिक उपकरण केंद्राकडे टपालाने जाई आणि आलेख टपालानेच परत येई.

नव्वदीत चित्र पालटलं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. इकडे चिकलठाणा, वाळूजच्या औषध कारखान्यांत वोक्हार्ट, ल्युपिनसारख्या कंपन्यांना गुणवत्ता-चाचणीसाठी एचपीएलसी येणारी मुलं हवी होती. मराठवाड्यातल्या किती घरांची चूल या एका तंत्राने पेटली! शेतकऱ्याचा मुलगा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून मोबाइल फेज गाळू लागला. बफर वापरल्यावर स्तंभ आधी पाण्याने धुवायचा, मिथेनॉल नंतर, नाहीतर क्षार आतच बसतात, हे त्याला तोंडपाठ झालं. अमेरिकेच्या १९९७ च्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमांनंतर तर संगणकातला प्रत्येक बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद सक्तीची झाली.

या बदलाचं मला मनापासून कौतुक आहे. शिखरं कापण्यात गेलेले आमचे तास आज नवीन प्रश्नांना देता येतात. पण मुलाखतीत मुलं आकडा चार दशांशांपर्यंत सांगतात आणि ‘हा कशावरून आला?’ या प्रश्नाला गप्प होतात, तेव्हा जीव तुटतो. दोष मुलांचा नाही. तीस जणांच्या तुकडीला एकच यंत्र आणि तेही लांबून दाखवलेलं असेल, तर हात बसणार कसा?

म्हणून कॉलेजांतल्या प्राध्यापकांना विनंती आहे. एचपीएलसीच्या खोलीत नेण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला साध्या कलरीमीटरवर एक आलेख एकट्याने, कागदावर काढू द्या. नमुना शहागंजातल्या एखाद्या बोअरच्या पाण्याचा घ्या, त्यातलं लोह मोजायला लावा, आणि रेषा चुकली तर प्रात्यक्षिकाचे गुण न कापता त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.