खोकलाही सांगा, सांधेही सांगा

मैत्रिणींनो, आमवात (डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थरायटिस) म्हटलं की आपल्याला सुजलेली बोटं आठवतात. पण हा आजार फुफ्फुसांतही उतरू शकतो, हे इथे साक्रीत मला जाऊबाईंमुळे कळलं.

पाण्याचा हंडा उचलला की त्यांना धाप लागायची, शिवाय कोरडा खोकला. "चुलीचा धूर गं, दुसरं काय!" म्हणायच्या. एक्स-रे स्वच्छ आला. पण डॉक्टरांचं लक्ष त्यांच्या वाकड्या बोटांकडे गेलं आणि त्यांनी छातीचा एचआरसीटी करायला धुळ्याला पाठवलं. फुफ्फुसांच्या तळाशी जाळी धरलेली निघाली.

या तपासणीत फुफ्फुसाचे मिलिमीटरभर जाडीचे काप दिसतात, म्हणून एक्स-रेत न दिसलेलंही सापडतं. आजार वाढला की चित्र मधमाशांच्या पोळ्यासारखं दिसतं. सुई टोचत नाहीत. आडवं पडून सांगतील तेव्हा श्वास रोखायचा, बस्स. गरोदर असाल तर मात्र आधी सांगा.

धरलेली जाळी सहसा जात नाही, पण वेळेत कळलं तर औषधांनी तिचा वेग कमी करता येतो. म्हणून सांध्यांच्या डॉक्टरांना खोकला सांगा, खोकल्याच्या डॉक्टरांना सांधे. चुलीवर खापर फोडून गप्प बसू नका.