मांजराची घाण कुणी काढायची?

वस्तीत दहा-बाय-बाराच्या खोलीतही मांजर असतेच. उंदीर कमी होतात, पोरांना लळा लागतो. भांडण होते ते घाणीवरून. कधी कॉटखाली, कधी थेट वाकळेवर. मग त्याला झाडूने मारून काढतात, नाहीतर पिशवीत घालून लांब सोडून येतात. विहारात पहिले शील म्हणायचे आणि घरी हे करायचे, हे आम्हाला पटत नाही. शिवाय तशी गरजही नाही. उकरून घाण पुरणे मांजराच्या अंगातच असते. महिन्याभराचे पिल्लूही कोरडी, भुसभुशीत जागा दिसली की आपणहून उकरू लागते.

जुने घमेले किंवा पसरट टब घ्या. पिल्लासाठी काठ बुटका हवा. त्यात दोन-तीन इंच कोरडी वाळू, सुताराकडचा भुसा किंवा वर्तमानपत्राचे बारीक तुकडे टाका. गल्लीतल्या बांधकामाच्या उघड्या ढिगातली वाळू मात्र नको, तिथे आधीच चार मांजरे जाऊन आलेली असतात. (त्याच ढिगावर आपली मुले खेळतात. त्यावर ताडपत्री घालायला लावा.) टब स्वयंपाक, पिण्याचे पाणी आणि मांजराची ताटली यांपासून होईल तितका लांब ठेवा. दाराआडचा कोपराही चालतो. खाल्ल्यावर आणि झोपेतून उठल्यावर मांजराला उचलून त्यात ठेवा. बहुतेक पिल्ले थोड्या दिवसांत शिकतात. चुकले तर मारू नका, ते भिऊन आणखी आडोशाला जाते. घाण केलेली जागा साबणाच्या पाण्याने धुवा. फिनेल नको, पायाला लागलेले ते चाटते आणि त्याला विषबाधा होऊ शकते.

आता खरा मुद्दा. उंदीर किंवा कच्चे मांस खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडू शकतो. धडधाकट माणसाला बहुधा कळतही नाही. पण गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली, तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते. हे ऐकले की सासूबाई म्हणतात, मांजर हाकला. आम्ही म्हणतो, आधी टब बघा. विष्ठा ताजी असताना हा परजीवी लागण करू शकत नाही, त्याला त्यासाठी १ ते ५ दिवस लागतात. टब रोज, २४ तासांच्या आत साफ झाला तर धोका पुष्कळ कमी होतो. तो गरोदर बाईने साफ करायचा नाही. नवऱ्याने करायचा, दिराने करायचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर गावाची घाण काढण्याचे काम लादले गेले, त्यांच्याच घरात ते काम सुनेवर लादले जावे, हे बरे दिसत नाही.

काढलेली घाण गटारात टाकू नका. कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत द्या, म्हणजे सफाई कामगाराच्या हाताला लागणार नाही. मग साबणाने हात धुवा. हीच लागण अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होते, तेव्हा मांजर नसलेल्या घरांनीही मटण नीट शिजवावे.

शिकलेले मांजर अचानक टबाबाहेर करू लागले तर ते आजारी असू शकते. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे. उद्यावर टाकले तर बोका दगावतो.