पाचवा, सहावा आणि सातवा

१२ मार्च २००९ची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिरॅक्यूज आणि कनेटिकट या विद्यापीठांचा बास्केटबॉल सामना सुरू झाला आणि संपायचं नावच घेईना. बरोबरी, जादा वेळ, पुन्हा बरोबरी. असं एकूण सहा वेळा. चाळीस मिनिटांचा सामना सत्तर मिनिटं चालला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर सिरॅक्यूजनं तो १२७-११७ असा जिंकला. त्या सत्तरपैकी ६७ मिनिटं सिरॅक्यूजचा जॉनी फ्लिन कोर्टवर होता. ३४ गुण आणि ११ असिस्ट. व्यावसायिक संघांचे निवडकर्ते असे सामने विसरत नाहीत.

त्याच मोसमातला दुसरा एक सामना मात्र फार कुणाच्या लक्षात राहण्यासारखा नव्हता. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजविरुद्ध मेरीलँडच्या लॉयोलानं एक चमत्कारिक डाव टाकला. स्टीफन करी नावाच्या खेळाडूवर त्यांनी सामनाभर दोन-दोन माणसं सोडली. चेंडू कुठंही असो, ही दोघं करीला चिकटलेली. करीनं थोडा वेळ पाहिलं आणि तो चक्क कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. उरलेल्या कोर्टवर डेव्हिडसनचे चार विरुद्ध लॉयोलाचे तीन असा खेळ झाला. डेव्हिडसन तीस गुणांनी जिंकलं. देशात सर्वाधिक सरासरीनं गुण काढणाऱ्या करीच्या नावापुढं त्या दिवशी शून्य लागलं.

गुणफलकाचा तक्ता हाती घेतला तर पहिला सामना फ्लिनला मोठा करतो आणि दुसरा करीला पुसून टाकतो. कॉलेजच्या पोरांची तुलना करायला बसलेल्या माणसाची खरी अडचण इथून सुरू होते.

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. इथं पैसा बोलत नाही, क्रम बोलतो. आदल्या मोसमात तळाशी राहिलेल्या संघांना सोडतीनं पहिले क्रमांक मिळतात आणि एकेक संघ आपापल्या पाळीला एकेक खेळाडू उचलतो. २५ जून २००९च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठचे दोन क्रमांक होते. आदल्या मोसमात हा संघ ८२पैकी २४ सामने जिंकला होता. उंच खेळाडू त्यांच्याकडे होते: केव्हिन लव्ह, अल जेफरसन. चेंडू घेऊन पुढं येणारा, खेळ मांडणारा पॉइंट गार्ड नव्हता. संघाची सूत्रं नुकतीच हाती घेतलेल्या डेव्हिड कान यांनी पाचव्या क्रमांकावर स्पेनचा अठरा वर्षांचा रिकी रुबिओ घेतला आणि सहाव्यावर जॉनी फ्लिन. म्हणजे एकामागोमाग एक दोन पॉइंट गार्ड. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्सनी करीला घेतलं.

पुढं करी किती मोठा झाला हे बास्केटबॉल न पाहणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून कान यांना हसणं सोपं आहे, आणि पंधरा वर्षं लोक तेच करत आले आहेत. मला ते फारसं पटत नाही. त्या जूनमध्ये समोर होते तेवढेच आकडे घेऊन बसलं तर काय दिसतं, ते आधी पाहायला हवं.

तीन गार्ड घेऊ: फ्लिन, करी आणि नॉर्थ कॅरोलिनाचा टाय लॉसन. पॉइंट गार्ड मोजायचं जुनं माप म्हणजे असिस्ट भागिले टर्नओव्हर. सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास किती आणि गमावलेले चेंडू किती. शेवटच्या मोसमात लॉसनचे सामन्याला ६.६ असिस्ट आणि १.९ टर्नओव्हर, म्हणजे साडेतीनाला एक. फ्लिनचं प्रमाण साधारण दोनाला एक. करीचं सगळ्यात वाईट, ५.६ला ३.७, म्हणजे दीडाला एक. या मापानं पॉइंट गार्ड हवा असलेल्या संघानं लॉसनला उचलायला हवं होतं आणि करीकडे बघायचंही कारण नव्हतं. पण हे माप खेळाडूइतकंच त्याच्या भोवतालचंही असतं. लॉसनचा संघ त्या वर्षी राष्ट्रीय विजेता होता. पास दिला की पुढचा माणूस तो बास्केटमध्ये घालणार, हे जवळपास ठरलेलं. करी त्याआधी दोन वर्षं मुख्यतः शूटर म्हणून खेळला होता. तिसऱ्या वर्षी तो पहिल्यांदा पूर्णवेळ पॉइंट गार्ड झाला आणि संघातले बहुतेक अवघड शॉटही त्यालाच घ्यावे लागत होते. एकच भागाकार, पण दोघांच्या हातातलं काम वेगळं.

आता नेमबाजी. लॉसननं शेवटच्या मोसमात तीन गुणांच्या रेषेबाहेरून ४७.२ टक्के शॉट घातले. करीनं त्याच वर्षी ३८.७ टक्के. सरळ तुलना केली तर लॉसन करीपेक्षा कितीतरी चांगला शूटर ठरतो. पण लॉसनचे प्रयत्न होते सव्वाशेच्याही आत. करीचे एका मोसमात ३३६ आणि तीन वर्षांत मिळून १,००४. त्यांतले ४१४ आत गेले, म्हणजे ४१.२ टक्के.

थोड्या प्रयत्नांवरची टक्केवारी किती भुलवते, ते तपासायची एक साधी युक्ती संख्याशास्त्रात आहे. प्रत्येक खेळाडूच्या खात्यावर काही काल्पनिक शॉट आधीच टाकायचे आणि ते सर्वसाधारण खेळाडूच्या टक्केवारीनं घातले असं धरायचं. समजा २५० शॉट, ३४ टक्क्यांनी, म्हणजे ८५ बास्केट. २५० हा आकडा मी इथं उदाहरणापुरता घेतला आहे. प्रत्यक्षात तो जुन्या खेळाडूंच्या नोंदींवरून काढतात. आता लॉसनचा हिशेब ४७ वरून घसरून ३८ टक्क्यांच्या आसपास येतो. करीचा तीन वर्षांचा हिशेब ४१ वरून जेमतेम ४० वर. क्रम उलटला. ज्याच्याकडे पुरावा कमी, त्याला सरासरीकडे जास्त ओढायचं, एवढीच यातली कल्पना. एनबीएच्या कारकिर्दीत लॉसन एकंदरीत चाळिशीच्या खाली राहिला आणि करी ४२च्या वर.

पण करीचा स्वतःचा आकडाही एका वर्षात ४३.९ वरून ३८.७ वर आला होता, त्याचं काय? ड्राफ्टच्या तोंडावर घसरण म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. इथं थोडं थांबायला हवं, कारण तीन गोष्टी एकदम घडल्या होत्या. एक, नुसता योगायोग: ३३६ प्रयत्नांवर मिळालेल्या ३८.७ टक्क्यांमागं खरं कौशल्य साधारण ३३ ते ४४ टक्क्यांमध्ये कुठंही असू शकतं. दोन, त्याच मोसमापासून अमेरिकन कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा एक फूट मागं गेली, १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंचांवर. तीन, करीची भूमिका बदलली. दुसऱ्यानं दिलेल्या पासवर उभ्या उभ्या शॉट मारण्याऐवजी आता चेंडू स्वतः आणून, अंगावर माणूस असताना मारायचा होता. तीन कारणांनी गुंतलेला आकडा एकट्या कौशल्याच्या माथी मारता येत नाही. एनबीएची रेषा तर समोरून २३ फूट ९ इंचांवर, म्हणजे आणखी तीन फूट मागं.

अशा वेळी जाणकार विश्लेषक एका कंटाळवाण्या आकड्याकडे वळतात: फ्री थ्रो. अंतर नेहमी पंधरा फूट, समोर कोणी नाही, घाई नाही. भूमिका, प्रतिस्पर्धी, रेषा यांतलं काहीच या शॉटमध्ये शिरत नाही. उरतो तो फक्त हात. म्हणूनच कॉलेजमधला फ्री थ्रोचा टक्का व्यावसायिक खेळातल्या दूरच्या नेमबाजीचा चांगला सुगावा देतो, असं गेल्या काही वर्षांत वारंवार दिसलं आहे. करीचा कॉलेजमधला टक्का ८७.६. फ्लिनचा त्याच्या बराच खाली. फ्लिनची लांबून नेमबाजी शेवटच्या मोसमात ३२ टक्क्यांच्या आसपास होती. ती सुधारेल असं मानायला फारसा आधार नव्हता, हे २००९मध्येही म्हणता आलं असतं.

शरीराची मापं मात्र दुसरीकडे बोट दाखवत होती. ड्राफ्टपूर्व चाचणीत फ्लिननं चाळीस इंचांची उडी मारली. करीची साडेपस्तीसच्या आसपास. फ्लिन करीपेक्षा दोन-तीन इंच बुटका, पण त्याच्या हातांचा पल्ला करीपेक्षा किंचित जास्तच. करीबद्दल बोलणं सुरू झालं की अंगानं बारीक, वेग बेताचा, धड पॉइंट गार्ड नाही आणि शूटिंग गार्डला लागते तेवढी उंचीही नाही, हा पाढा ठरलेला. त्यात डेव्हिडसन दुबळ्या सदर्न कॉन्फरन्समध्ये खेळायचं आणि सिरॅक्यूज त्या काळच्या तगड्या बिग ईस्टमध्ये. ही शंका रास्त होती. पण तिचं उत्तरही नोंदीत होतं: २००८च्या राष्ट्रीय स्पर्धेत करीनं गोंझागाविरुद्ध चाळीस गुण काढले, डेव्हिडसननं पुढं जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला हरवलं आणि अखेर ज्या कॅन्सासकडून ते दोन गुणांनी हरले, त्यांनीच ती स्पर्धा जिंकली.

शरीर पाहून होणाऱ्या नजरेच्या अशा फसवणुकीवर ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे तेव्हाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी पुढं एक गमतीदार नियम काढला. निवडकर्त्यानं नवख्या खेळाडूची तुलना एखाद्या नामवंताशी करायची असेल, तर तो नामवंत दुसऱ्या वंशाचा असला पाहिजे. नियम लागू होताच अनेक तुलना बंद पडल्या. साम्य खेळात नसून दिसण्यात होतं, हे उघड झालं. अशा फसवणुकीचा चटका मोरी यांनाही बसला होता. हार्वर्डचा आशियाई वंशाचा गार्ड जेरेमी लिन त्यांच्या गणिती प्रारूपात वर होता, पण २०१०च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही, मोरी यांनीही नाही.

आतापर्यंतचा सगळा हिशेब खेळाडूंचा झाला. माझ्या मते या प्रकरणातली मोठी चूक दुसऱ्याच रकान्यात आहे, संघाच्या गरजेच्या. खेळाडूच्या आकड्यांमध्ये अनिश्चितता असते हे आता सगळे मान्य करतात. गरज मात्र पक्की धरली जाते, जणू ती जमिनीच्या सातबाऱ्यावर चढलेली नोंद. १९८४मध्ये पोर्टलँडकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांना दुसरा गार्ड नको होता. त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर उंच सॅम बोवीला घेतलं आणि मायकल जॉर्डन तिसऱ्यावर शिकागोकडे गेला.

मिनेसोटाची गरज तर धड ठरलेलीही नव्हती. ड्राफ्टच्या आठवडाभर आधी त्यांचे प्रशिक्षक केव्हिन मॅकहेल पदावरून गेले होते. नवे प्रशिक्षक कर्ट रॅम्बिस आले ते ऑगस्टमध्ये, दोन्ही गार्ड निवडून झाल्यावर. रॅम्बिस लॉस एंजेलिस लेकर्स संघाच्या मुशीतले, ट्रँगल पद्धतीचे. या पद्धतीत चेंडू एका माणसाच्या हातात फार वेळ राहत नाही; पास देऊन जागा बदलायची आणि गार्डनं लांबून शॉट मारायचा. फ्लिनचं बळ नेमकं चेंडू हातात ठेवून समोरच्याला चकवण्यात. रुबिओ स्पेनमध्येच राहिला आणि प्रत्यक्ष आला २०११मध्ये. तोवर फ्लिनची कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया होऊन तो ह्यूस्टनला गेला होता आणि रॅम्बिसही पदावरून गेले होते. त्याच ड्राफ्टमध्ये अठराव्या क्रमांकावर मिनेसोटानं लॉसनलाही घेतलं होतं, आणि भविष्यातल्या एका क्रमांकाच्या बदल्यात लगेच डेन्व्हरला देऊन टाकलं होतं.

वॉरियर्सचं उलट. त्यांच्याकडे मॉन्टा एलिस हा गुण काढणारा छोटा गार्ड आधीच होता. गरजेच्या यादीत करी बसतच नव्हता. आम्ही दोघं एकत्र खेळू शकणार नाही, असं एलिसनं मोसमाआधी पत्रकारांना सरळ सांगूनही टाकलं. मार्च २०१२मध्ये संघानं त्याला मिलवॉकीला पाठवून उंच अँड्र्यू बोगट घेतला. दरम्यान, खेळही सरकत होता: २००९-१०मध्ये एनबीएचा संघ सामन्याला सरासरी अठराच्या आसपास थ्री-पॉइंटर मारायचा, २०१८-१९पर्यंत तो आकडा ३२वर गेला. लांबून मारणाऱ्या गार्डची गरज अख्ख्या लीगला पडली. २००९मध्ये ती फार थोड्यांच्याच यादीत होती.

अर्थात निकाल कधी मोजायचा हाही प्रश्न आहेच. पहिल्या मोसमाच्या शेवटी पाहिलं असतं तर फ्लिन ८१ सामन्यांत सुरुवातीच्या पाचांत खेळलेला, सरासरी १३.५ गुण, नवोदितांच्या दुसऱ्या संघात निवड. निवड वाईट म्हणावी असं काही नव्हतं. नवोदितांमध्ये सर्वोत्तम ठरला तो करीही नव्हता. चौथ्या क्रमांकावर सॅक्रामेंटोनं घेतलेला टायरिक इव्हान्स होता. फ्लिनचा सांधा धड राहिला असता तर तो करी झाला नसता, पण दहा वर्षं खेळला असता, असं म्हणायला जागा आहे. आणि करीचे घोटे तर इतके दुखरे होते की २०११-१२मध्ये तो जेमतेम २६ सामने खेळला. ऑक्टोबर २०१२मध्ये वॉरियर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा, ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. तीन वर्षं रोज डोळ्यांसमोर खेळलेल्या, सगळे आकडे हाताशी असलेल्या खेळाडूची त्यांनी ठरवलेली ही किंमत होती. आणि एवढ्या कच्च्या घोट्यांसाठी ती जास्त आहे, असं म्हणणारेही तेव्हा होतेच.