सावलीतला उष्माघात

एप्रिलमधील एका दुपारी कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून विशीतल्या एका कामगाराला टेम्पोतून माझ्या दवाखान्यात आणण्यात आले. फौंड्रीत कामाला लागून त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. "डॉक्टरसाहेब, दारू पिऊन आलाय वाटतंय, काहीबाही बडबडतोय," सोबतचा मुकादम म्हणाला. दारूचा वास नव्हता. अंग मात्र तव्यासारखे तापले होते. ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या पुढे. आणि कपडे घामाने चिंब. उष्माघातात त्वचा कोरडी पडते, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु कष्टाच्या कामातून होणाऱ्या उष्माघातात घाम पुष्कळदा सुरूच असतो. तापलेले शरीर आणि भरकटलेली शुद्ध, ही जोडी दिसली की निदान झाले.

"पण साहेब, हा दिवसभर सावलीत होता," मुकादमाचा हा प्रश्न रास्त होता. सुमारे चौदाशे अंश सेल्सिअसला वितळलेले लोखंड जिथे ओतले जाते, तिथे सावलीला फारसा अर्थ उरत नाही. वर तापलेला पत्रा, समोर भट्टी, आणि राबणारे स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करणारे. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. हवा कोंदट किंवा दमट असेल, तर घाम नुसता निथळतो; गारवा देत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर 'महाराष्ट्र भूषण' सोहळ्याला आलेल्यांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूरकर त्याला उन्हाळा म्हणणारही नाहीत! हवामान खाते मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांचा निकष लावते, पण किनारपट्टीवर ३७ चा, याचे कारण हेच. आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

त्या मुलाचे कपडे उतरवून आम्ही अंगणातच त्याच्यावर रबरी नळीने पाणी सोडले, दोन पंखे लावले, शेजारच्या रसवंतीगृहातून बर्फ आणून मान, काखा आणि जांघांत ठेवला. १०८ ला फोन तोवर झाला होता. आधी गार करणे, मग हलवणे, हा क्रम महत्त्वाचा. अर्ध्या तासाने ताप १०२ वर आला आणि त्याने आपल्या गावाचे नाव सांगितले. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. रुग्णालयात आठवडा काढावा लागला. 'नशा उतरेल' म्हणून कारखान्यात त्याला झोपवून ठेवण्यात जो वेळ गेला, त्याची ती किंमत होती.

अशा वेळी पॅरासिटामॉल देऊ नये. हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे, त्यावर ती गोळी चालत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. खिशातल्या कांद्याबद्दल माझी तक्रार नाही, मात्र त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नये.

उष्णतेची सवय शरीराला लागते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवा किंवा सुट्टीवरून परतलेला माणूस सर्वाधिक धोक्यात असतो. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, मीठ घातलेले ताक, आपली नाचणीची आंबील घ्यावी. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे, असे समजावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या परस्पर बंद न करता उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

गृहिणींना एक विशेष विनंती. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपतो, तेव्हा भट्टीजवळ तापलेले शरीर निवायला वेळच मिळत नाही. त्याला पत्र्याखाली नव्हे, झाडाखाली किंवा स्लॅबच्या खोलीत झोपवावे. तसे शक्य नसेल, तर पत्र्यावर पाचट अंथरून पाणी मारावे. आग लागू नये म्हणून चुलीचे धुराडे तेवढे दूर असावे.

तो मुकादम पुढे अधूनमधून येत राहिला. आता नव्या पोरांना तो पहिला आठवडा भट्टीजवळ अर्धीच पाळी देतो.