संगणकाची आज्ञावली : जुन्याशी मेळ का राखावा ?

फाईल उघडणे, छपाई करणे इत्यादी कामे आज्ञावली ही संगणकाच्या कार्यप्रणालीकडून करवून घेते. विंडोज व लिनक्स या कार्यप्रणालींच्या रीती भिन्न असल्याने एकीसाठी तयार केलेली आज्ञावली दुसरीवर सहसा चालत नाही. पायथॉन भाषेत लिहिलेली आज्ञावली मात्र, त्या भाषेचा अर्थ लावण्याची सोय दोन्हींवर असल्यामुळे, बहुधा दोन्हीकडे चालते.

तथापि भाषाच बदलली तर हा लाभ उरत नाही. २००८ साली पायथॉनची तिसरी आवृत्ती निघाली. तिच्यामुळे देवनागरीसारख्या लिप्या हाताळणे सुलभ झाले. परंतु जुन्या आज्ञावल्या तिच्यावर जशाच्या तशा चालेनात. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०१५ मध्ये थांबवावयाची होती, ती २०२० पर्यंत चालू ठेवावी लागली.

बंद पडलेली आज्ञावली निदान ध्यानात येते; चुकीचे उत्तर देणारी येत नाही. ५ ला २ ने भागले असता दुसरी आवृत्ती २ हे उत्तर देई, तिसरी २.५ देते. खताच्या मात्रेच्या हिशेबात हा फरक लहान नव्हे.

यास्तव शेतीचे हिशेब संगणकावर ठेवणाऱ्यांनी आज्ञावलीची नवी आवृत्ती घेण्यापूर्वी नोंदींची प्रत काढून ठेवावी व एका हंगामाचे हिशेब दोन्ही आवृत्त्यांवर ताडून पाहावेत.