युवकांच्या अल्पकालीन मिशनयात्रा आणि यजमान प्रचारक

दिवाळी, नाताळ किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की वडोदरा, सुरत, मुंबई येथील धर्मग्रामांतून तरुणांची एखादी तुकडी आठ-दहा दिवसांसाठी आदिवासी भागातील मिशनकेंद्राकडे निघते. कोठे तिला ‘मिशन कॅम्प’ म्हणतात, कोठे ‘मिशनयात्रा’. मुले मात्र आपापसांत सरळ ‘सहल’ म्हणतात, आणि त्या शब्दात पुष्कळदा अधिक प्रामाणिकपणा असतो. या प्रथेविषयी धर्मगुरूंमध्ये दोन टोकांची मते आढळतात. काहींना तीत युवकांचे नवचैतन्य दिसते, तर काहींना निव्वळ खर्च आणि गाजावाजा. आमच्या मते ही दोन्ही मते जाणाऱ्यांच्या बाजूनेच बनलेली आहेत. तुकडी जेथे उतरते तेथील प्रचारकाच्या ओट्यावर बसून पाहिले तर हाच प्रश्न निराळा दिसतो. येथे तो तसाच पाहावयाचा आहे.

शुभवर्तमानात अल्प मुदतीच्या पाठवणीचा सर्वांत सविस्तर वृत्तांत लूकच्या दहाव्या अध्यायात येतो. (पाठवलेले शिष्य सत्तर होते की बहात्तर, याविषयी हस्तलिखितांत एकमत नाही, आपल्या विषयाचे त्याने काही अडत नाही.) त्यांना कोठे पाठवले, तर जेथे प्रभू स्वतः मागाहून जाणार होता त्या गावी. म्हणजे त्यांची भेट स्वयंपूर्ण नाही. ती दुसऱ्या कोणाच्या येण्याची पूर्वतयारी आहे. त्यांनी थैली, झोळी, वहाणा काही बरोबर घ्यावयाचे नाही. प्रवचनांत या आज्ञेचा अर्थ बहुधा वैराग्य असा लावला जातो. तो चुकीचा नाही. पण आज्ञेचा व्यावहारिक परिणाम त्याहून महत्त्वाचा आहे. रिकाम्या हाताने आलेला मनुष्य पहिल्याच संध्याकाळी यजमानाचा ऋणी होतो. त्याने एकाच घरी राहावे, पुढे वाढले जाईल ते खावे, अधिक सोयीचे घर शोधत फिरू नये. येथे देणारे गाव आहे आणि घेणारा प्रेषित आहे. आपल्या यात्रांत याच्या नेमके उलट घडते. तुकडीबरोबर स्वयंपाकी असतो, पाण्याच्या बाटल्यांचे खोके असतात, वाटण्यासाठी वह्या व ब्लँकेटे असतात. गावाने काही द्यावे अशी जागाच उरत नाही. नागलीची भाकर आणि उडदाची डाळ ज्या घरी प्रेमाने झाली असती, त्या घरचे लोक मग अंगणात उभे राहून पाहुण्यांचा स्वयंपाक बघतात.

त्याच अध्यायात हे शिष्य आनंदाने परत येऊन आपल्या पराक्रमाचे वर्णन करतात, आणि प्रभू त्यांच्या आनंदाची दिशा बदलतो. परतीनंतर धर्मग्रामाच्या सभागृहात पडद्यावर छायाचित्रे दाखवून जो अहवाल सादर होतो, त्याच्या आदल्या दिवशी हा उतारा तुकडीबरोबर वाचावा, अशी आमची सूचना आहे.

संत पौलाचे उदाहरण याहून बोलके आहे. करिंथ येथे तो दीड वर्ष राहिला, इफिस येथे सुमारे तीन वर्षे. पण थेस्सलनीका येथील सभास्थानात त्याला तीनच शब्बाथ बोलता आले आणि पुढे रातोरात गाव सोडावे लागले. प्रेषितांची कृत्ये वाचताना ही एक फसलेली मोहीम वाटते. परंतु त्याच मंडळीला लिहिलेले पहिले पत्र हाती घ्यावे. पौलाच्या उपलब्ध पत्रांत बहुतेक अभ्यासक यालाच सर्वांत जुने मानतात. त्यात पौल बेचैन आहे. त्याला परत जावयाचे आहे, जाता येत नाही, म्हणून तो अथेन्सला एकटा राहणे पत्करून तीमथ्याला पाठवतो आणि तो चांगली वार्ता घेऊन आल्यावर पत्र लिहितो. थोडक्या दिवसांच्या भेटीला मिशनकार्याचे रूप येते ते या बेचैनीमुळे, तीमथ्यामुळे आणि पत्रामुळे.

यावर कोणी म्हणेल की कधीकधी एक भेटही पुरेशी होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अपरिचित युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, हे आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? खरे आहे, पण पुढचेही ठाऊक असले पाहिजे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तोवर वाचन, शंका आणि पत्रव्यवहार यांचा मोठा काळ गेला. त्यानंतर घर मोडले, आणि लक्ष्मीबाई त्याच श्रद्धेपर्यंत स्वतःच्या पावलांनी येण्यास कित्येक वर्षे लागली. गाडीतील सहप्रवासी पुढल्या स्टेशनावर उतरून गेला. अहमदनगरची मंडळी मात्र त्यांच्याजवळ राहिली.

महाराष्ट्रात तरुणांच्या प्रचारफेऱ्यांचा आरंभ शोधावयाचा झाल्यास आम्ही केडगावकडे बोट दाखवू. जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनातील मुलींना विचारले की, अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास कोण तयार आहे? तीस तरुणी पुढे आल्या. त्यांनी प्रथम केले काय, तर रोज एकत्र प्रार्थना. जूनअखेर मुक्तीत जे प्रसिद्ध आत्मिक जागरण झाले, ते या प्रार्थनेच्या दिवसांतच. सदनातील बहुसंख्य मुली १८९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या होत्या; गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात त्या दुष्काळातील मुलीही त्यांत होत्या. भूक म्हणजे काय, हे या प्रचारिकांना खेड्यात जाऊन पाहावयाचे नव्हते.

आता डांगकडे वळू. वडोदऱ्याच्या तरुणांना तो जिल्हा विशेष ओढ लावतो, आणि मराठी कुटुंबांतील मुलांना तर आपली भाषा तेथे चालेल असे वाटते. डांगीत मराठी, अहिराणी आणि गुजराती यांची सरमिसळ आहे. १९६० साली हा मुलूख महाराष्ट्रात जावा की गुजरातेत, याचा वाद याच सरमिसळीवर रंगला होता. पण जवळची भाषा दूरच्या भाषेपेक्षा अधिक फसवते. अगदी परकी बोली ऐकणारा दुभाष्या मागतो. अर्धी कळणारी बोली ऐकणारा उरलेला अर्धा भाग स्वतःच्या मनाने भरतो.

त्यातही महत्त्वाचा प्रश्न आहे तो कालगणनेचा. शहरातील तुकडी महाविद्यालयाच्या सुटीप्रमाणे निघते. डांग ऊस आणि पाऊस यांप्रमाणे चालतो. दिवाळी आटोपली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बारडोली, मढी या बाजूच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. दोघांच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणून मोजतात. एप्रिल येईपर्यंत त्यांचा मुक्काम शेताकडेच्या पडावात असतो. नाताळच्या सुटीत गावी गेलेल्या तुकडीला म्हातारी माणसे आणि थोडी मुले भेटतात, आणि ‘गावात उत्साह नाही’ असा शेरा तिच्या वहीत पडतो. मे महिन्यात माणसे घरी असतात, पण पाणी नसते. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या डोंगरात उन्हाळ्यात विहिरी आटतात. पंचवीस पाहुण्यांची आंघोळ हातपंपावर होऊ लागली की बायकांची रांग थांबते. त्या बायका पाहुण्यांना काही बोलत नाहीत. प्रचारकाला मागाहून बोलतात.

ज्यांना नाताळातच जावयाचे आहे त्यांनी गावाऐवजी पडावात जावे, असे आम्हांस वाटते. बारडोली आणि मढी सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहेत. स्वतंत्र बस करण्याचीही गरज नाही. तेथे डांगची आणि खानदेशची कुटुंबे शेजारी-शेजारी भेटतात. तोड पहाटेपूर्वी सुरू होते आणि वाहन येईल त्या वेळी, प्रसंगी रात्रीही, ऊस भरावा लागतो. त्यामुळे ठरल्या वेळी कार्यक्रम होणार नाही. पाहुण्याने वाट पाहत बसावे आणि मोकळीक मिळेल तेव्हा सांजप्रार्थनेत मागच्या बाजूस बसावे. प्रार्थना पडावातील लोकांनीच चालवावी.

भेटवस्तूंच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. गुजरात धर्मस्वातंत्र्य अधिनियम २००३ चा. त्याचे नियम २००८ साली आले आणि २०२१ च्या दुरुस्तीने शिक्षा अधिक कडक झाल्या. रोख वा वस्तुरूप भेट देऊन धर्मांतर करवणे याला या कायद्यात ‘प्रलोभन’ म्हटले आहे, आणि संबंधित व्यक्ती आदिवासी असल्यास शिक्षा वाढते. परदेशी पाहुण्याला पर्यटक व्हिसावर मिशनकार्य करता येत नाही. परदेशस्थ भारतीयांच्या ज्या मुलांकडे ओसीआय कार्ड आहे, त्यांनाही २०२१ च्या अधिसूचनेनुसार अशा कार्यासाठी विशेष परवानगी लागते. अमेरिकेतील आपल्या नातेवाइकांची मुले पाठवण्याची कल्पना निघते तेव्हा हे सांगावे. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. वाटलेल्या ब्लँकेटांबद्दल सहा महिन्यांनी चौकशी झाली तर उत्तर कोण देणार, एवढाच आमचा प्रश्न आहे. देणारे तेव्हा परीक्षेच्या अभ्यासात असतील. १९९८ च्या नाताळात डांगमधील प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, जाळपोळ झाली. तेथील वयस्क प्रचारकांना त्या रात्रींची आठवण करून द्यावी लागत नाही. पाहुण्याच्या एका उत्साही घोषणेची किंमत कोणत्या दारात वसूल होते, हे ते आपल्याहून चांगले जाणतात. म्हणून काय बोलावे, काय गावे, कोणाच्या घरी जावे व कोणते छायाचित्र काढू नये, याचा निर्णय यजमान प्रचारकाचा असावा, तुकडीबरोबर आलेल्या धर्मगुरूचा नव्हे.

एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका येथे इव्हान इलिच यांनी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की, पाहावयास आणि शिकावयास या, मदत करावयास येऊ नका. ही टीका कठोर असली तरी वस्तू वाटण्याच्या बाबतीत ती खरी आहे. मात्र ज्या गावात आधीच ख्रिस्ती मंडळी आहे, तेथे जाणे म्हणजे एका मंडळीने दुसरीला भेटणे होय, आणि अशा भेटीला प्रेषितांच्या काळापासून स्थान आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९० च्या ‘रेदेम्प्तोरिस मिस्सियो’ या विश्वपत्रात मिशनकेंद्रांना भेटी देणाऱ्या युवकांची प्रशंसा केली आहे. तेथे सेवेबरोबरच ख्रिस्ती जीवनाचा उत्कट अनुभव मिळवणे हाही हेतू सांगितला आहे, हे लक्षात घ्यावे. अनुभव मिळवावयाचा म्हणजे तो देणारा कोणी तेथे असला पाहिजे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. चाळीसांची बस नेण्याऐवजी आठ जण न्यावेत आणि मार्कच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे दोघे-दोघे चार घरांत ठेवावेत. तारीख प्रचारकाने ठरवावी. तीच मुले त्याच घरी निदान तीन वर्षे जावीत, मधल्या काळात पत्र वा फोन चालू ठेवावा. लूकचा नियम मात्र येथे अक्षरशः लावता येणार नाही. ज्या घरात मेअखेर धान्याची कणगी तळाला गेली आहे, तेथे दोन तरुणांनी आठवडाभर जेवणे हा भार आहे. तो खर्च धर्मग्रामाने केंद्राकडे आधीच जमा करावा व त्याची पावती ठेवावी. मुलांच्या हाती पैसे देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट आम्ही यात्रेचाच भाग समजतो. ज्या घरांनी आपल्या मुलांना ठेवून घेतले, त्या घरांतील तरुणांना पुढच्या वर्षी वडोदऱ्यास बोलवावे. वसतिगृहात नव्हे, आपापल्या घरी. एका धर्मग्रामात हा विषय निघाला तेव्हा डांगला जाण्यासाठी नावांची यादी एका रविवारी भरली होती. पाहुणे ठेवून घेण्याच्या यादीत तीन रविवारांत दोन कुटुंबे आली. त्या दोन कुटुंबांपासून सुरुवात करता येईल. नावनोंदणीच्या वेळी दोन्ही याद्या एकाच कागदावर कराव्यात, आणि दुसऱ्या रकान्यात जितकी घरे येतील तितक्याच जोड्या डांगला पाठवाव्यात.