हबची किल्ली कोणाकडे

१६ ऑगस्ट २०२३ रोजी गूगलने क्लाउड आयओटी कोअर ही सेवा बंद केली. वर्षभर आधी कळवलं होतं, पण ज्या इमारतींच्या सेन्सरांचे आकडे त्या वाटेने जात होते, त्यांना नवी वाट शोधणं भाग पडलं. तो घाव मला अजून ताजा वाटतो.

इमारतीतल्या यंत्रांना आपसांत बोलायला १९७९ मध्ये मॉडबस ही भाषा आली, १९९५ मध्ये बॅकनेट. तो तारांचा जमाना होता. जोडी उलटी लागलेली असायची, नाहीतर टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर राहिलेला असायचा. मीटर लावला की दोष सापडे. त्या वर्षांवर जास्त शाई खर्चावी असं काही नाही.

२०१० नंतरचं दशक मात्र मी हिंजवडीच्या आयटी इमारतींत जगलो. ‘वायर नाही म्हणजे कटकट नाही’ असं सांगून झिगबी या रेडिओ पद्धतीचे वायरलेस सेन्सर विकले गेले. त्यांचे आकडे गोळा करणाऱ्या हबची तपासणी व्हायची रिकाम्या इमारतीत. तिथे सिग्नल उत्तमच मिळणार! मग भाडेकरू यायचे, मजल्यामजल्यावर वाय-फाय बसायचं. वाय-फायने १, ६, ११ हे चॅनल धरले की झिगबीला १५, २०, २५, २६ एवढेच काय ते बऱ्यापैकी मोकळे राहतात. हब मात्र पहिल्या दिवशी निवडलेल्या चॅनलवरच अडून बसलेला. सल्लागारांनी तो लोखंडी दाराच्या इलेक्ट्रिकल शाफ्टमध्ये टाकायला लावला होता, तेही ‘दिसायला नको’ म्हणून. त्या ड्रॉइंगवर सह्या करणाऱ्यांबद्दलचा माझा राग आजही गेलेला नाही. भिंती भेदायला सरस असा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना खुला होता. त्याचा विचार कोणी केला नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते सोमवारच्या तक्रारींनी. सेन्सर गप्प, बॅटऱ्या संपलेल्या. नवे सेल घातले तरी काही आठवड्यांत पुन्हा तेच. खरं कारण शनिवारी रात्री घडायचं. वीज वाचवायला मजल्याची एमसीबी खाली केली जायची, आणि सेन्सरांचे निरोप पुढे पोचवणारे दिवेच बंद पडायचे. आधार गेलेला सेन्सर झोपायचं सोडून रात्रभर नवा आधार शोधत राही आणि स्वतःचा सेल संपवी. दोष कधी सेलच्या माथी लागला, कधी ऑपरेटरच्या. वास्तविक रात्रपाळीच्या ऑपरेटरनेच एमसीबीची वेळ रजिस्टरात लिहून ठेवली होती, म्हणून हे उलगडलं. मजल्याच्या नकाशावर पेन्सिलने सिग्नलचे आकडे लिहिणारे असे ऑपरेटर कंत्राटं बदलली तसे पांगले. ते नकाशे रद्दीत गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

आता हबचा पासवर्ड पुरवठादाराकडे असतो. आयटीवाल्यांनी सबनेट बदललं की बॅकनेटची हाक राउटरपलीकडे जात नाही. ती हाक पलीकडे पोचवणाऱ्या बीबीएमडीची नोंद तपासायची म्हटली तरी तिकीट टाकून वाट पाहायची. पलीकडून उत्तर येतं, ‘रीसेट करा.’ अनेक हबांत रीसेट म्हणजे नवं नेटवर्क, म्हणजे फॉल्स सीलिंगखाली शिडी लावून एकेक सेन्सर पुन्हा जोडणं. ज्याला शिडीवर चढायचं नाही, त्याला हा सल्ला देणं सोपं.

त्यामुळे हँडओव्हरच्या कागदांत मी आता तीन गोष्टी मागतो: अॅडमिन पासवर्ड, चॅनलची लेखी नोंद आणि इंटरनेट तुटलं तरी हब इमारतीतूनच चालल्याची चाचणी. अलीकडे एका पुरवठादाराने पहिल्याच अटीला नकार दिला. मालकाने शेवटचा हप्ता रोखला. मी त्यांना तेच सुचवलं होतं.